खानापूरचे रान हिरवेच राहिले, झाडे मात्र बदलली

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघाले की पन्नासेक किलोमीटरांत पाऊस कितीतरी पटींनी वाढतो आणि पानगळीचे रान सदाहरित होत जाते. खानापूर तालुक्यात झाडांच्या एवढ्या जाती सापडतात त्या यामुळे. पण कोणत्या झाडाने टिकायचे, हे पावसाइतकेच कुऱ्हाडीनेही ठरवले आहे.

आधी कुमरी होती. हिवाळा सरताना रानाचा तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा, पावसाआधी पेटवायचा, राखेत नाचणी पेरायची आणि एक-दोन पिकांनंतर जागा सोडायची. दहा-बारा वर्षे पडीक ठेवली तर रान सावरे. तोडीची पाळी लवकर आली की खुंटातून फुटणारीच झाडे उरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी कुमरीवर बंधने घातली, नासाडीचे खापरही तिच्यावरच फोडले. त्याच सुमारास तालुक्यातल्या लोंढ्याला रेल्वे आली. तिथून पुढे गोव्याकडे जाणारा मुरगाव–कॅसलरॉक मार्ग 1888 मध्ये सुरू झाला. रुळांखाली किलोमीटरला हजाराहून जास्त लाकडी स्लीपर लागत, आणि ते कुजले की पुन्हा तोड.

भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, राब भाजायचा (वाफ्यावर फांद्या-पाला जाळायचा) म्हणून फांद्या छाटल्या जात, त्या मुख्यतः ऐन-किंजळाच्या. ही झाडे सोशिक. ऐनाचा तोडलेला खुंट पाहा, सालीतून धुमाऱ्यांचा झुबका निघालेला असतो.

रानजायफळाचे तसे नाही. त्याचे बी मोठे, ओलसर. रुजायला दाट सावली हवी. ते धनेश पक्षी गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. धनेशाला घरट्यासाठी जुन्या, जाड झाडाची ढोली लागते. इमारती लाकडासाठी नेमकी तीच झाडे आधी पडली. ढोल्या गेल्या, धनेश कमी झाला आणि बी आईच्याच बुंध्याशी पडून कुजू लागले. वरून हिरवे दिसणारे रान आतून असे विरळ होते.

तोडलेल्या जागी साग लावला गेला, पुढे निलगिरी आणि अकेशियाही आले. सागाखाली उन्हाळ्यात वाळक्या पानांचा थर साचतो, वणवा त्यातून झपाट्याने पळतो आणि उघड्या कडांवर रानमोडीचे तण माजते.

1980 च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन इतर कामांसाठी वळवण्यावर केंद्राची परवानगी बंधनकारक झाली. 2011 मध्ये तालुक्यातले भीमगड अभयारण्य जाहीर झाले, त्यामुळे तोडीला लगाम बसला. गेलेली जात आपोआप परतत नाही. रानजायफळाचे बी ताजे असतानाच सावलीत लावावे लागते. सुकवून साठवले की मरते. सागाचे बी साठवता येते, म्हणून रोपवाटिकेला सागच परवडतो.