लहान गाडी आणि तिच्या समोरची

काकांनी २०१० साली नॅनो घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर गंमत झाली. पंपावरचा पोरगा हातात नळी घेऊन गाडीभोवती फेरी मारून आला, त्याला टाकीचं झाकणच सापडेना. काका ऐटीत उतरले आणि त्यांनी पुढचं बोनेट उघडलं. आत स्टेपनी, आणि तिथेच टाकीचं तोंड. "मग इंजिन कुठंय?" पोराने विचारलं. "मागे, सीटखाली." एव्हाना चार माणसं जमली होती. त्यातल्या एकाने ठेवणीतला प्रश्न काढला, "काका, सेफ आहे का ही?"

उत्तर काकूंनी दिलं. "दोन पोरं घेऊन बारा वर्षं आम्ही स्कूटरवर फिरलो. तेव्हा नाही कोणी विचारलं."

काकूंच्या या टोल्यात निम्मं विज्ञान येऊन जातं. गाडी सुरक्षित आहे का, याला "कशाच्या मानाने" हे शेपूट लावल्याशिवाय अर्थच नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची ४४.५ टक्के होती, आणि मोटार, टॅक्सी, व्हॅन वगैरेंमधली १२.५ टक्के. दुचाक्या रस्त्यावर मुळात जास्त आहेत, म्हणून हे आकडे थेट समोरासमोर ठेवता येत नाहीत. तरी स्कूटरवरच्या माणसाच्या अंगाभोवती काय असतं? हेल्मेट, आणि तेही असलं तर. नॅनोमध्ये निदान चार बाजूंना पत्रा, डोक्यावर छप्पर आणि छातीवर पट्टा होता. पावसात स्कूटरवरून जाणारं कुटुंब पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तुलना स्कूटरशी असेल तर नॅनो पास.

उरलेलं निम्मं विज्ञान मात्र काकूंच्या बाजूचं नाही.

समजा ७५० किलोची एक छोटी गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. समोरून १५०० किलोची एसयूव्ही, तीही ५०नेच. दोघी समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकून बसल्या. आता पुढे काय? शाळेत संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम घोकला होता, तो इथे कामाला येतो. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, मोठ्या गाडीकडे दुप्पट आहे. त्यामुळे टकरीनंतर तो सगळा गुंता मोठीच्याच दिशेने ताशी साधारण १७ किलोमीटरने सरकत राहतो. म्हणजे मोठ्या गाडीचा वेग ५०वरून १७वर आला, बदल ३३चा. छोटीचा वेग ५०वरून शून्यावर आला आणि वर उलट दिशेने १७ झाला, बदल ६७चा. दोघींचे ड्रायव्हर एकाच वेगाने निघाले होते, पण छोटीतल्याला बसलेला हिसका दुप्पट आहे. आणि हिसका दुप्पट झाला की शरीराला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छोट्या गाडीत पोलाद कितीही चांगलं वापरा, हा हिशेब बदलत नाही. तो वजनांनी ठरवलेला आहे.

हे कागदावरचं गणित अमेरिकेत प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. तिथल्या विमा कंपन्यांनी चालवलेल्या आयआयएचएस या संस्थेने २००९ साली स्मार्ट फॉरटू ही दोनच माणसांची गाडी आणि मर्सिडीजची सी-क्लास एकमेकींवर सोडली, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने. सी-क्लासचं वजन जवळपास दुप्पट. धडकेनंतर स्मार्ट हवेत उडाली आणि सव्वा गिरकी घेऊन खाली आली. स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या बाहुल्याच्या अंगावर सरकले. सी-क्लासच्या केबिनमध्ये फारसं काही शिरलं नाही. गंमत अशी की हीच स्मार्ट त्याच संस्थेच्या अडथळ्यावर आदळवण्याच्या चाचणीत उत्तम शेरा मिळवून बसली होती.

म्हणजे चाचणी खोटी होती का? नाही. भिंतीसारखा स्थिर अडथळा समोर असला की गाडीला फक्त स्वतःचं वजन सोसायचं असतं. अशी चाचणी म्हणजे ढोबळमानाने स्वतःच्या जुळ्या बहिणीशी टक्कर. त्यामुळे अशा चाचण्यांनंतर गाडीला सुरक्षेचे जे शून्य ते पाच तारे देतात, त्यातले समोरच्या धडकेतले तारे समान वजनाच्या गाड्यांमध्येच तोलायचे असतात. पाच ताऱ्यांची छोटी हॅचबॅक आणि पाच ताऱ्यांची दोन टनी एसयूव्ही आमनेसामने आल्या तर तारे सारखे म्हणून निकाल सारखा लागणार नाही. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

स्मार्टची बांधणी मात्र बघण्यासारखी आहे. स्वॅच घड्याळांचे निकोलस हायेक आणि मर्सिडीज यांच्या भागीदारीतून जन्मलेली ही गाडी १९९८ साली बाजारात आली. लांबी अडीच मीटर. एवढ्याशा लांबीत पुढे चेपायला जागा कुठून आणणार? मोठ्या गाडीत बोनेटखालचा भाग ठरवून मऊ ठेवलेला असतो. तो चुरगळत जातो आणि माणसाला थांबायला अंतर मिळतं. ताशी ५० किलोमीटरवरून ६० सेंटीमीटरमध्ये थांबलं तर शरीरावर सरासरी सोळा-सतरापट गुरुत्वाचा भार येतो. तेच ३० सेंटीमीटरमध्ये थांबलं तर तेहतीसपट, म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या पट्ट्यावर जवळपास दोन टन. स्मार्टच्या अभियंत्यांनी यावर अक्रोडाची युक्ती काढली. माणसांभोवती जाड पोलादाचा टणक सांगाडा. तो वेगळ्या रंगात रंगवला, म्हणजे लोकांना दिसावा. हा सांगाडा मोडत नाही, आणि समोरच्या गाडीचा मऊ भाग चुरगळतो तो स्मार्टच्याही कामी येतो. युक्ती छान आहे, पण उधारीची आहे. कवच शाबूत राहिलं तरी आतला गर आपटायचा तो आपटतोच.

नॅनोकडे हे कवचही नव्हतं. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवल्या. नॅनो शून्य, आल्टो ८०० शून्य. पण शून्यावर त्यांना सोबत होती चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची, एअरबॅग नसलेल्या मॉडेलची. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. इथे गाडीचा आकार एक इंचाने बदलला नव्हता. पोलोचा सांगाडा टिकला होता, म्हणून नुसत्या दोन पिशव्यांनी एवढा फरक पडला. नॅनोचा सांगाडाच टिकला नाही, त्यामुळे तिथे एअरबॅगही फारसं काही करू शकल्या नसत्या. थोडक्यात, आपण ज्याला छोट्या गाडीचा दोष म्हणत होतो त्यातला बराचसा स्वस्त गाडीचा दोष होता. पुढे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटचीही, आणि २०२३मध्ये आपला स्वतःचा भारत एनकॅप आला. बांधणीचा प्रश्न कायद्याने सोडवता येतो. वजनाचा हिशेब तेवढा शिल्लक राहतो.

आता सोयीचं बघू, कारण छोटी गाडी लोक त्यासाठीच घेतात.

काकांच्या सोसायटीत एक खांब आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये कोणालाच न मिळालेली जागा होती. काकांनी टेप लावला तर ती भरली तीन मीटर पस्तीस सेंटीमीटर. नॅनो तीन मीटर दहा. पंचवीस सेंटीमीटरच्या जोरावर काका दहा वर्षं त्या जागेचे अनभिषिक्त राजे होते. गाडीची वळण त्रिज्या चार मीटर, त्यामुळे पेठेतल्या गल्लीतही त्यांना रिव्हर्स फार मारावा लागत नसे. स्मार्ट तर याहून वरताण. अडीच मीटरची असल्याने युरोपात लोक ती फुटपाथला समांतर न लावता सरळ नाक खुपसून आडवी लावतात.

पण छोट्या गाड्यांनी ट्रॅफिक कमी होईल, असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. ताशी ५० किलोमीटरने चालताना पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हटलं तर ते २८ मीटर भरतं. साडेचार मीटरची गाडी रस्त्याचे साडेबत्तीस मीटर अडवते, अडीच मीटरची साडेतीस. फरक सहा टक्के. रस्ता खरं तर मोकळ्या अंतराने अडतो, पत्र्याने नाही. ताशी १० किलोमीटरवर, म्हणजे संध्याकाळी सहा वाजताच्या आपल्या नेहमीच्या वेगावर, हाच फरक वीस टक्क्यांच्या आसपास जातो. सिग्नलला थांबलेल्या रांगेत त्याहूनही जास्त. छोट्या गाडीचं खरं राज्य गाडी उभी असते तेव्हाचं. आणि शहरातली गाडी दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते, हे विसरू नका.

खड्ड्यांचं गणित मात्र तिच्या विरुद्ध जातं. नॅनोचं चाक टायरसकट साधारण ४९ सेंटीमीटर व्यासाचं. तीस सेंटीमीटर लांबीच्या खोल खड्ड्यावरून असं चाक हळू गेलं तर ते पाच सेंटीमीटर खाली उतरतं. सत्तर सेंटीमीटर व्यासाचं एसयूव्हीचं चाक त्याच खड्ड्यात साडेतीन सेंटीमीटरही उतरत नाही. वर पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी, म्हणून गाडी होडीसारखी पुढेमागे डुलते. मागे बसून भाकरी-पिठलं खाऊन आलेल्या माणसाला हे समीकरण न मांडताही कळतं.

छोटी गाडी जगात कुठे सुखाने नांदते म्हणाल तर जपानात. तिथे १९४९पासून केई नावाचा वेगळा वर्गच आहे. आजचे नियम असे: लांबी ३.४ मीटरपर्यंत, रुंदी १.४८, इंजिन ६६० सीसी. नंबरप्लेट पिवळी, कर कमी. तिथल्या नव्या गाड्यांमध्ये तिसऱ्या हिश्शाहून जास्त याच असतात. आपली मारुती ८०० ही याच घराण्यातली, सुझुकीच्या केई आल्टोची हिंदुस्थानी बहीण. जपानात ही गाडी चालते याचं कारण नुसतं तंत्र नाही. गल्लीतला वेग कमी असतो, आणि समोरून येणारी गाडीही बऱ्याचदा केईच असते. वजनाचा हिशेब तिथे आपोआप बरोबरीत सुटतो.

आपल्याकडे उलटं चाललंय. शेजाऱ्याने एसयूव्ही घेतली म्हणून मीही घेतो, कारण टकरीत मला ३३ हवेत, ६७ नकोत. माझ्यापुरतं हे बरोबरच आहे. पण माझे वाचलेले आकडे समोरच्या छोट्या गाडीच्या खात्यात जमा होतात, आणि पायी चालणाऱ्याला तर या हिशेबात खातंच नाही. युरो एनकॅपने यावर २०२०मध्ये एक शहाणपणाची सुधारणा केली. १४०० किलोचा, पुढे चेपणारं तोंड असलेला गाडा ताशी ५०ने सोडायचा आणि समोरून तपासायची गाडीही ५०ने. मग गाडीतल्या बाहुल्यांबरोबर त्या गाड्याच्या तोंडाचीही अवस्था बघायची. मोठ्या गाडीने त्याची फार नासाडी केली तर तिचेच गुण कापायचे. दुसऱ्याचं किती मोडलंत, हे विचारणारी ही परीक्षा मला फार आवडते. अवजड गाडीचं नाक जास्त मऊ करून चेपण्याचं काम तिने जास्त करावं, हा त्यामागचा हेतू. त्याने वेगातला बदल कमी होत नाही, पण छोटीच्या केबिनमध्ये स्टिअरिंग घुसणं टळू शकतं.

काकांनी हे काही वाचलेलं नव्हतं, पण त्यांचा नियम पक्का होता. नॅनो मंडईला, बँकेत, दवाखान्यात, काकूंच्या भजनाला. चाळीसच्या वर काटा नाही. गाडी घेतल्यापासून ती विकेपर्यंत त्यांनी ती एकदाही हायवेवर काढली नाही. साताऱ्याला जायचं असलं की पिशवी उचलायची आणि स्वारगेट गाठायचं. एसटी भरली की दहा टनांच्या वर जाते. काका ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट पकडून निवांत झोपायचे.