एमएस्सीवरून एमटेक: गेटचा फॉर्म भरण्याआधी हे बघा

एमएस्सी फिजिक्स किंवा केमिस्ट्री झालेल्यांना आयआयटी-एनआयटीत एमटेकला प्रवेश मिळतो, पण सगळ्याच शाखांत नाही. गोंधळ होतो तो इथेच. गेटला, म्हणजे या प्रवेशासाठीच्या परीक्षेला, तर पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला कोणीही बसू शकतो, वयाचीही अट नाही. म्हणून बीएस्सीची मुलंही फॉर्म भरतात, चांगला स्कोअर आणतात आणि मग कळतं की बहुतेक एमटेकला विज्ञान शाखेतून यायचं तर एमएस्सी लागते. परीक्षेची पात्रता वेगळी आणि प्रवेशाची वेगळी.

त्यामुळे उलटीकडून सुरुवात करा. ज्या विभागात जायचंय त्याचं माहितीपत्रक उघडा आणि पात्रतेच्या तक्त्यातली आपली ओळ शोधा. तिथे दोन गोष्टी असतात: कोणती पदवी चालते आणि गेटचा कोणता पेपर चालतो. फिजिक्सवाल्यांना साधारणपणे मटेरियल्स, ऑप्टिक्स, ऊर्जा, रिमोट सेन्सिंग अशा शाखा खुल्या असतात. आयआयटी दिल्लीत तर अप्लाइड ऑप्टिक्सचं एमटेक फिजिक्स विभागच चालवतो. काही ठिकाणी बीएस्सीला गणित असल्याची अटही असते, बायोवाल्यांनी ती आधी बघावी.

पेपर निवडताना आपल्या विषयाच्या पेपरसोबत एक्सई, म्हणजे इंजिनिअरिंग सायन्सेस, याचाही विचार करा. त्यात 15 गुण अभियोग्यतेचे, 15 गणिताचे आणि निवडलेल्या दोन विभागांचे 35-35. मटेरियल्स सायन्स आणि थर्मोडायनॅमिक्स ही जोडी फिजिक्सवाल्याला फार परकी वाटत नाही. गेटचे दोन पेपरही देता येतात, पण पेपरांच्या ठरलेल्या जोड्यांमधलेच. स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो.

परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. त्यानंतर आयआयटींना प्रत्येकी स्वतंत्र अर्ज करायचा. कोॲप हे पोर्टल फक्त आलेल्या ऑफर स्वीकारण्या-नाकारण्यासाठी आहे. तिथे नोंदणी केली की अर्ज झाला, असं समजून बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. एनआयटींसाठी मात्र सीसीएमटी हे एकच समुपदेशन. तिथे पात्रतेच्या पदवीला किमान गुण लागतात: खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गाला 60 टक्के किंवा 6.5 सीजीपीए, एससी, एसटी व दिव्यांगांना 55 टक्के किंवा 6.0.

कागदपत्रांत गेट स्कोअरकार्ड, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला. विद्यापीठ ग्रेड देत असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र आधीच घेऊन ठेवा, ऐनवेळी ते मिळवताना तोंडाला फेस येतो.

महाराष्ट्रातल्या मुलांची खरी फसगत दाखल्यात होते. माझ्या ओळखीच्या एका मुलीकडे ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर होतं, मुदतही शिल्लक होती, पण ते राज्याच्या नमुन्यातलं. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्याच वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं लागतं. पडताळणीला तीन दिवस उरलेले असताना ती सेतूच्या रांगेत उभी होती. व्हीजेएनटीतल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत मोडतात, पण आपल्या जातीचं नाव तिथे आहे का ते स्वतः तपासा. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग, तिथे तो नाही. ईडब्ल्यूएसच्या अटीत बसत असाल तर तो दाखला काढा.

गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाल्यास विद्यावेतन महिना 12,400 रुपये.