सुखुमी ते बोर्जोमी: अलिसा मारिचच्या आधीची वाट

सर्बियाची बुद्धिबळपटू अलिसा मारिच हिचं नाव निघालं की १९९१ साली चीनच्या शी जुनशी झालेली तिची लढत आठवते. त्या लढतीचं मोल कळायचं, तर आधी थोडं मागं जायला हवं.

१९४४मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जगज्जेती व्हेरा मेंचिकचा मृत्यू झाला आणि महिलांचं जगज्जेतेपद रिकामं राहिलं. १९४९-५०च्या मॉस्को स्पर्धेत ते ल्युदमिला रुदेन्कोने मिळवलं. तिथून चार दशकं ते सोव्हिएत संघाबाहेर गेलंच नाही. जेतेपद तर दूरच, जगज्जेतीसमोर आव्हानवीर म्हणून बसणारी खेळाडूसुद्धा प्रत्येक वेळी सोव्हिएतच असायची.

ही भिंत पहिल्यांदा हलवली ती मिलुंका लाझारेविचने. १९३२चा जन्म, पेशाने पत्रकार, खेळ बेधडक आक्रमक. युगोस्लाव्हियाचं महिला अजिंक्यपद तिने ११ वेळा जिंकलं. १९६३मध्ये स्प्लिटच्या ऑलिम्पियाडमध्ये तिच्या संघाला रौप्य मिळालं. पुढच्याच वर्षी जॉर्जियात काळ्या समुद्राकाठच्या सुखुमीत कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली आणि मिलुंका, आला कुशनिर व तात्याना झातुलोव्स्काया अशा तिघी बरोबरीने पहिल्या आल्या. बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफमध्ये कुशनिर जिंकली आणि १९६५मध्ये रिगाला जगज्जेती नोना गाप्रिंदाश्विलीसमोर बसली. मला सुखुमीतली ती बरोबरी मिलुंकाच्या सगळ्या अजिंक्यपदांपेक्षा मोठी वाटते. तेव्हा महिला ग्रँडमास्टर हा किताबही अस्तित्वात नव्हता. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने तो १९७६मध्ये सुरू केला आणि मिलुंकाला मिळाला तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती.

अलिसाचा जन्म १९७०चा, न्यूयॉर्कमधला. जुळी बहीण मिर्यानाही तिच्याइतकीच पटावर रमलेली. १९८८च्या थेस्सालोनिकी ऑलिम्पियाडमध्ये युगोस्लाव्हियाच्या संघाने कांस्य मिळवलं, त्यात या दोघीही होत्या. त्या वेळी सुवर्ण घेऊन गेला पोल्गार बहिणींचा हंगेरी. सोव्हिएत मक्तेदारीला तडे जाऊ लागले होते.

१९९०ची कँडिडेट्स स्पर्धा बोर्जोमीत झाली. म्हणजे पुन्हा जॉर्जियातच, जिथून नोना आणि माया चिबुर्दानिद्झे या दोन्ही जगज्जेत्या आल्या होत्या. अलिसा आणि शी जुन बरोबरीत पहिल्या आल्या. दोघींपैकी कुणीही जिंकलं असतं, तरी आव्हानवीर पहिल्यांदाच सोव्हिएत संघाबाहेरची असणार होती. १९९१च्या सुरुवातीला बेलग्रेड आणि बीजिंगमध्ये दोघींचा सामना झाला. शी जुन ४.५-२.५ अशी जिंकली. त्याच वर्षी मनिलात तिने चिबुर्दानिद्झेला हरवून जेतेपद चीनला नेलं.

अलिसा तेव्हा अवघी २१ वर्षांची होती, पुढे संधी मिळायला हरकत नव्हती. पण तिचा देश, युगोस्लाव्हियाच, फुटत होता. जून १९९१मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. मे १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लादलेल्या निर्बंधांत खेळही आले. ऐन उमेदीची वर्षं अशा काळात गेली. तरी तिने पट सोडला नाही. २०१२ साली सर्बियाच्या सरकारने युवक आणि क्रीडा मंत्रिपद तिच्याकडे सोपवलं.