गाळलेल्या जागांच्या इंग्रजी उताऱ्यातील जोडशब्द

सलग इंग्रजी उताऱ्यातील काही शब्द गाळून ते परीक्षार्थीकडून भरून घेण्याच्या चाचणीत वाक्ये वा उपवाक्ये सांधणाऱ्या शब्दांची, म्हणजे जोडशब्दांची, निवड हा एक स्वतंत्र भाग असतो. नागपुरात सीताबर्डीच्या क्लासेसमध्ये या चाचणीला ‘क्लोज टेस्ट’ आणि या शब्दांना ‘कनेक्टर’ म्हणतात. मराठी व्याकरणातील उभयान्वयी अव्ययांशी त्यांचा मेळ पूर्णपणे बसत नाही. ‘बट’ आणि ‘ऑलदो’ ही उभयान्वयी खरी. पण ‘हाऊएव्हर’, ‘देअरफोर’ यांची गणना क्रियाविशेषणांत होते, तर ‘डिस्पाइट’ शब्दयोगी असल्याने त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखी रचनाच येते.

चाचणीचे जनकत्व सामान्यतः अमेरिकी संशोधक विल्सन टेलर यांना दिले जाते (१९५३). त्यांना मात्र विद्यार्थी नव्हे, मजकूर तपासायचा होता : ठरावीक अंतराने, साधारण दर पाचवा शब्द गाळून वाचकाला तो किती भरता येतो, यावरून मजकुराची सुबोधता त्यांनी मोजली. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाउच्या शाळांत मुलांच्या मानसिक थकव्याचा अभ्यास करताना अपूर्ण उतारे पुरे करून घेतले होते. परीक्षेतील आजच्या उपयोगाशी हे अधिक जवळचे असल्याने मूळ तेथे शोधणे जास्त सयुक्तिक दिसते.

परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी या चाचणीचा हिरिरीने पुरस्कार केला तो भाषा-चाचणीचे अभ्यासक जॉन ऑलर यांनी. वाद मुख्यतः जोडशब्दांपाशी येतो. वाक्यांचा क्रम उलटापालटा केल्यास गुण घटतात, म्हणजे चाचणी वाक्याबाहेरचा संबंध पकडते, असे चिहारा, ऑलर प्रभृतींनी १९७७ मध्ये मांडले. शॅनहन, कमिल व टोबिन यांना १९८२ मध्ये असा फरक आढळला नाही. दर कितवा शब्द गाळला, यावर चाचणीचे स्वरूपच बदलते, हे ऑल्डरसन यांनी १९७९ मध्ये दाखवले होते. आंधळेपणाने गाळल्यास जोडशब्द रिकाम्या जागी येणे हा योगायोग ठरतो. म्हणून बॅकमन यांची हेतुपूर्वक शब्द गाळण्याची पद्धत येथे अधिक ग्राह्य वाटते.

हॅलिडे व हसन (१९७६) या भाषाशास्त्रज्ञांनी जोडशब्दांचे संबंध चार मानले : समुच्चय, विरोध, कार्यकारण व काल. मराठीतला विकल्प त्यांच्याकडे समुच्चयातच मोडतो.

उदाहरणार्थ, संत्र्याच्या बागेवरील इंग्रजी उताऱ्याचा आशय असा घेऊ : ‘मे महिन्यात बागेला ताण बसला नाही. — मृग बहार फुटला नाही.’ पर्याय ‘हाऊएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’. दोन्ही वाक्ये नकारार्थी दिसताच पुष्कळ जण ‘मोरओव्हर’ निवडतात. उत्तर ‘देअरफोर’, कारण उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण दिल्याशिवाय संत्र्याला मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा मोहोर, नीट येत नाही. पहिले वाक्य ‘जूनमध्ये पाऊस वेळेवर आला’ असे केले की ‘हाऊएव्हर’ बसते. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातल्या मुलाला हे इंग्रजी न वाचताही सुचेल, आणि मग भाषा तपासली की बागाईत, हा प्रश्न उरतोच. चांगल्या उताऱ्यात असा दुवा मजकुरातच दिलेला असतो.

विरामचिन्हेही खूण ठरतात. दोन स्वतंत्र वाक्यांमधल्या ‘हाऊएव्हर’च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम येतो, ‘ऑलदो’नंतर सहसा स्वल्पविराम नसतो. ‘बिकॉज’पुढे कर्ता-क्रियापद लागते, ‘बिकॉज ऑफ’पुढे नाम. तयारीत याकडे दुर्लक्ष होते, हे नवलच; कित्येकदा एवढ्यावरच दोन पर्याय बाद होतात.

आधी मध्य प्रांताची व पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात मराठी व हिंदी दोन्ही चालतात, आणि दोन्हींत विरोधाची जोडी लागते : ‘जरी–तरी’, ‘हालांकि–फिर भी’. परिणामी ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढच्या जागी ‘बट’ घालण्याकडे कल असतो; ‘सर, इथं बट काहून नाही चालत?’ हा वर्गातला नेहमीचा प्रश्न. प्रमाण इंग्रजीत अशा वाक्याला एकच जोडशब्द पुरतो. ‘येट’ किंवा ‘स्टिल’ मात्र क्रियाविशेषण म्हणून ‘ऑलदो’सोबत क्वचित आढळते, त्यामुळे पर्यायांत ते असल्यास पेच वाढतो.