लोहखनिज वाळवायला मोठा जाळच लागतो का?

लोहखनिजाची ओली भुकटी स्वस्तात वाळवायची तर जाळ मोठा हवा, असा समज होऊ शकतो. मोठ्या जाळाने वेळ वाचतो, हे खरे. परंतु उकळत्या 1 किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागतेच, आणि धुराड्यातून वाया जाणारी वेगळीच. म्हणून आधी फिल्टर प्रेस या गाळणयंत्रात दाबून शक्य तेवढे पाणी काढतात, ज्याला त्या मानाने फारच थोडी ऊर्जा पुरते, व उरलेल्या ओलाव्यासाठी शक्य तेथे भट्टीची टाकाऊ गरम हवा वापरतात.

आधी पाणी दाबून काढण्याच्या फायद्याचा पडताळा जळगाव-धुळ्यातल्या घरीही घेता येतो: सारखे भिजवलेले दोन टॉवेल, एक घट्ट पिळून व एक तसाच, सावलीत टाकून दर अर्ध्या तासाने तोलावेत. (खान्देशातले मे महिन्याचे ऊन या प्रयोगासाठी टाळलेले बरे, दोन्ही पाहता पाहता वाळतात.)