अकराव्या मिलिसेकंदाचा निर्णय

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना गाडीतील संगणकाच्या मागे एकाच वेळी अनेक कामे लागलेली असतात. चाक घसरू लागले आहे का, हे ब्रेकचे सॉफ्टवेअर सेकंदातून कित्येकदा तपासत असते, आणि त्याच वेळी पडद्यावरचा नकाशा पुढचे वळण बोलून दाखवत असतो. पूर्वी अशा प्रत्येक कामासाठी गाडीत स्वतंत्र छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, बसवला जाई आणि महागड्या गाड्यांत त्यांची संख्या शंभराच्या घरात पोहोचली होती. तारांचे वजन आणि खर्च वाढत गेल्याने आता मोजक्याच, पण ताकदवान संगणकांवर ही कामे एकत्र आणली जात आहेत. वाड्यातल्या एकाच नळावर सगळ्या बिऱ्हाडांनी पाणी भरावे, तशी ही व्यवस्था आहे. आधी हंडा कोणी लावायचा हा प्रश्न इथेही सुटत नाही.

कोणते काम किती जोखमीचे आहे, हे ठरवण्याची पद्धत मात्र पक्की आहे. २०११ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २६२६२ या वाहनसुरक्षेच्या मानकात ए ते डी अशा चार ‘एसिल’, म्हणजे जोखमीनुसार ठरणाऱ्या सुरक्षेच्या, पातळ्या असून डी ही सर्वांत कडक आहे. ज्या कामांना या पातळ्या लागू होत नाहीत, ती ‘क्यूएम’, म्हणजे नेहमीचे गुणवत्ता व्यवस्थापन पुरेसे असलेल्या, वर्गात जातात. खालच्या पातळीच्या सॉफ्टवेअरने वरच्या पातळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतीही ढवळाढवळ करता कामा नये, अशी या मानकाची अट आहे, आणि प्रोसेसरचा वेळ खाणे हीसुद्धा ढवळाढवळच होय.

मग जोखमीच्या कामाला नेहमी पहिला मान द्यावा, असे कोणालाही सुचेल. परंतु जोखीम आणि घाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ साली मांडलेल्या गणितानुसार, ज्याची मुदत सर्वांत जवळ त्याला आधी घेतले, तर आदर्श परिस्थितीत प्रोसेसरचा शंभर टक्के वेळ वापरूनही एकही मुदत चुकत नाही. या गणितात काम किती महत्त्वाचे आहे याला कोठेच जागा नाही, आणि त्यात महत्त्व घुसवले की हिशेब बिघडू लागतो.

खरी मेख मात्र ‘एका कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात आहे. आधुनिक प्रोसेसरमध्ये हवी ती माहिती जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या पण वेगवान साठ्यात, सापडली तर काम चटकन होते आणि नाही सापडली तर रेंगाळते, त्यामुळे कमाल वेळेचा नेमका आकडा कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. कोथरूडहून लोहगावला मित्राकडे जायचे असेल तर आपण तासाभराचा हिशेब धरतो, आणि तिथूनच विमान पकडायचे असेल तर त्याच रस्त्याला दोन तास देतो. रस्ता बदललेला नसतो. चुकल्यास होणारे नुकसान बदललेले असते. हनीवेल कंपनीतील स्टीव्ह वेस्टल यांनी २००७ साली नेमके हेच सूत्रबद्ध केले: जोखमीची पातळी जितकी वरची, तितका त्याच कामाच्या कमाल वेळेचा अंदाज अधिक सावध. एका कामाला एकाच वेळी दोन आकडे लावण्याची ही कल्पना मला या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाची वाटते.

सोयीचे आकडे घेऊन पाहू. समजा, नकाशाचे काम दर १० मिलिसेकंदांनी येते आणि त्याला ५ मिलिसेकंद लागतात. ब्रेकचे काम दर २० मिलिसेकंदांनी येते. पुढची खेप येण्याआधी आधीची पुरी व्हावी, हीच प्रत्येकाची मुदत. चाचण्यांत त्याला कधीही ६ हून अधिक मिलिसेकंद लागलेले नाहीत, पण सुरक्षा तपासणारा मनुष्य १२ धरायला सांगतो. सावध आकडा धरला तर दोघांची मिळून मागणी प्रोसेसरच्या ११० टक्के होते, म्हणजे दुसरा प्रोसेसर घ्या. ब्रेकला सरसकट पहिला मान दिला, तर त्याचे ६ मिलिसेकंद संपल्यावर नकाशाला पहिल्या मुदतीपूर्वी चारच उरतात आणि काहीही बिघडलेले नसताना त्याची मुदत चुकते. उलट निव्वळ जवळच्या मुदतीप्रमाणे चालले, तर पाच नकाशाला, पाच ब्रेकला आणि पुन्हा पाच नकाशाला जाऊन ब्रेकचे काम सहापलीकडे रेंगाळल्याचे १६व्या मिलिसेकंदाला कळू शकते, आणि तेव्हा उरलेल्या सहा मिलिसेकंदांच्या कामाला चारच शिल्लक असतात.

संशोधक संजॉय बरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेली तोड अशी, की ब्रेकला मुद्दाम खोटी, खऱ्यापेक्षा आधीची मुदत सांगायची. आपल्या उदाहरणात ती १२ येते. आता पहिली पाच मिलिसेकंदे नकाशाची आणि पुढची सहा ब्रेकची होतात. अकराव्या मिलिसेकंदाला ब्रेकचे काम आटोपले असेल, तर नकाशा पुन्हा सुरू होऊन १६ला मोकळा होतो. आटोपले नसेल, तर नकाशा तत्क्षणी बाजूला सारला जातो आणि ब्रेकला उरलेले सहा मिळून तो १७ला, म्हणजे खऱ्या मुदतीच्या तीन मिलिसेकंद आधी, पुरा होतो. प्रोसेसर एकच पुरतो.

कागदावर हे सुबक दिसते, तरी ‘बाजूला सारणे’ हा शब्द मला फार सैल वाटतो. उतारावर अनोळखी चालकाला नकाशाचा आवाज अचानक बंद पडलेला परवडेलच असे नाही. म्हणून तो पूर्ण थांबवण्याऐवजी त्याची आवर्तने विरळ करणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, आणि त्यावरही बरेच काम झाले आहे. प्रोसेसरमध्ये अनेक गाभे (कोअर) असले की आणखी एक पेच येतो, कारण त्यांची मेमरी सामाईक असते आणि शेजारच्या गाभ्यावर नकाशा चित्रे ओढू लागला की ब्रेकचा गाभा ताटकळतो. नकाशाला पूर्ववत केव्हा करायचे, याचे उत्तर मात्र सोपे आहे: ज्या क्षणी प्रोसेसरपुढे एकही काम शिल्लक नसते, तो क्षण त्यासाठी सुरक्षित मानला जातो.