मजकूर नको, वागणूक तपासा

विज्ञानाच्या चर्चेतलं एक भांडण इंटरनेटच्या सुरुवातीपासून चालत आलं आहे. एखादा माणूस आपला सिद्धान्त दिसेल तिथे पाठवत सुटतो. लोक वैतागून स्पॅमची तक्रार करतात, त्याचं लेखन काढून टाकलं जातं आणि तो म्हणतो, ‘ही सेन्सॉरशिप आहे, माझा शोध दडपला जातोय.’ बहुतेकदा त्या सिद्धान्तात दम नसतो. तरीही त्याच्या तक्रारीची शहानिशा व्हायलाच हवी, असं मला वाटतं.

स्पॅम कुठे संपतो आणि सेन्सॉरशिप कुठे सुरू होते, या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर नव्वदच्या दशकातच सापडलं होतं. तेव्हा युजनेट नावाच्या चर्चाव्यवस्थेत भौतिकशास्त्रापासून गणितापर्यंत प्रत्येक विषयाचे गट होते. १९९४ साली दोन वकिलांनी अमेरिकी ग्रीन कार्डसंबंधीची आपली जाहिरात हजारो गटांत टाकली, आणि असे संदेश पुसायचे तर कोणत्या नियमाने, हा वाद पेटला. त्यातून सेठ ब्राइडबार्ट यांच्या नावाचा ‘ब्राइडबार्ट निर्देशांक’ रूढ झाला. त्याचं गणित सोपं आहे. संदेशाची प्रत्येक प्रत किती गटांत गेली, त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि सगळी वर्गमुळं मिळवायची. एकच प्रत एकदम ९ गटांत टाकली तर निर्देशांक ३. तोच मजकूर ९ गटांत वेगवेगळा टाकला तर ९. पंचेचाळीस दिवसांत बेरीज २० वर गेली, की संदेश पुसायला हरकत नाही.

यात मजकूर वाचावाच लागत नाही! ‘आइन्स्टाइन चुकला’ आणि ‘आइन्स्टाइन बरोबर होता’ या दोन्ही संदेशांना मोजमाप एकच. मत कोणतंही असो, ते किती वेळा लोकांच्या माथी मारलं एवढंच पाहायचं. स्पॅम आणि सेन्सॉरशिप यांच्यातली सीमारेषा याहून स्वच्छ आखलेली मी पाहिलेली नाही.

शोधनिबंधांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’ या ऑनलाइन भांडारावर निबंध इतर तज्ज्ञांच्या समीक्षेआधीच सर्वांना वाचायला मिळतात. तिथे कोणीही काहीही पाठवू लागलं तर कामाचं काही सापडणार नाही, म्हणून २००४ पासून नव्या लेखकाला त्या क्षेत्रातल्या कोणाची तरी शिफारस लागू शकते. निबंध ‘अर्काइव्ह’च्या नियामकांच्या नजरेखालूनही जातो. ते तो नाकारू शकतात किंवा दुसऱ्या विभागात ढकलू शकतात. असे नाराज झालेले लेखक इतके होते, की २००९ मध्ये त्यांच्यासाठी ‘व्हिक्स्रा’ हे वेगळं भांडार निघालं. तिथे जवळपास सगळंच स्वीकारलं जातं, आणि म्हणूनच तिथे डोकावणारे शास्त्रज्ञ थोडे.

नियामकांची अडचण मला समजते. पण त्यांच्या दोन प्रकारच्या चुका सारख्या दिसत नाहीत. टाकाऊ निबंध आत आला तर शंभर जण बोट दाखवतात. चांगला निबंध बाहेर राहिला तर ते कोणाला कळतच नाही.

जॉन जेम्स वॉटरस्टन यांचं तेच झालं. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटना शिकवणाऱ्या या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे निबंध पाठवला. वायूचे रेणू सतत धावत असतात आणि त्यांच्या गतीतूनच दाब आणि तापमान उलगडतं, असं त्यात मांडलं होतं. एका परीक्षकाने त्याला निव्वळ मूर्खपणा ठरवलं. निबंध छापला गेला नाही आणि वॉटरस्टन यांच्याकडे प्रतही नव्हती. पुढे क्लॉसियस आणि मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञांनी तोच विषय उभा केला. वॉटरस्टन १८८३ मध्ये गेले. १८९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना तो निबंध सोसायटीच्या दप्तरात मिळाला आणि पुढच्या वर्षी छापला गेला. नाकारलेला कागद जपून ठेवला होता, म्हणूनच चूक उघडकीला आली.

आज धोका ईमेलमधल्या ‘स्पॅम’ची तक्रार करण्याच्या बटणातही आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नकली नियतकालिकांची आमंत्रणं संशोधकांच्या मेलबॉक्समध्ये रोज कोसळतात आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार रास्तच आहे. अशाच फसवणुकीसाठी अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये ‘ओमिक्स’ या प्रकाशनसमूहाला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. पण नको असलेली जाहिरात, उघड फसवणूक आणि न पटलेलं मत, या तिन्हींसाठी बटण एकच. जीमेलच्या २०२४ पासूनच्या नियमांत पाठवणाऱ्याने तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. हजार मेलमागे तीन तक्रारी! लसीकरणावर किंवा हवामानबदलावर लिहिणाऱ्या छोट्या गटाची मेल अडवायला मूठभर संघटित विरोधक पुरतात. पत्ता बदनाम झाला, की आपलं पत्र का पोहोचत नाही हे त्या गटाला धड कळतही नाही.

आता एआयमुळे ब्राइडबार्टचं जुनं मोजमापही लंगडं पडतंय, कारण प्रत्येक प्रत नव्या शब्दांत लिहून घेता येते. अशा लेखनाचा पूर आल्यामुळे ‘अर्काइव्ह’ने २०२५ च्या ऑक्टोबरअखेर संगणकशास्त्रातले आढावा-लेख आणि मत मांडणारे भूमिका-लेख आधी दुसरीकडे समीक्षा झाल्याशिवाय घ्यायचे नाहीत, असं जाहीर केलं. असा नियम करावा लागला तर तो करावा. पण नकाराचं कारण लेखकाला लेखी द्यावं, अपील वेगळ्या माणसाने ऐकावं आणि नाकारलेला निबंध रॉयल सोसायटीसारखा जपून ठेवावा. त्यातले थोडे निबंध दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि नव्या परीक्षकांना, आधीचा निकाल न सांगता, वाचायला द्यावेत. चांगले निबंध बाहेर किती राहतात, याचा निदान अंदाज तरी येईल.